कर्नेल्याचे घर



नोव्हेंबर महिना ख्रिस्तसभेने मृतजनांच्या स्मरणासाठी राखून ठेवला आहे. २ तारखेच्या मिस्सानंतर आपण कबरस्तानात जातो. कोणी कबरीवरचे गवत उपटतो, कोणी आईवडिलांच्या नावावरची धूळ ओल्या फडक्याने पुसतो, कोणी वाऱ्यापासून मेणबत्ती जपत बराच वेळ उभा राहतो. तेथे फार बोलणे होत नाही, पण प्रत्येकाच्या मनात कोणाशी तरी संवाद चाललेला असतो.

या महिन्यात आज एका वेगळ्या मृताची आठवण करावीशी वाटते. ते आपल्या धर्मग्रामाचे नव्हते, ख्रिस्तीही नव्हते. ते सातारा जिल्ह्याचे सुपुत्र होते. १७ नोव्हेंबर २०१५ रोजी काश्मीरमधील कुपवाडा जिल्ह्यात अतिरेक्यांशी लढताना त्यांना वीरमरण आले. त्यांचे नाव कर्नल संतोष महाडिक.

हा भाग सैनिकांचा आहे. शिरोळ तालुक्यातील एका गावाचे नावच सैनिक टाकळी आहे. गडहिंग्लज आणि चंदगडकडे तर कित्येक घरांत पिढ्यान् पिढ्या कोणी ना कोणी फौजेत असतो. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आपल्याला जवळच, बेळगावला आहे. अशा घरी गेले की भिंतीवर गणवेशातला फोटो दिसतो आणि चहा होईपर्यंत त्या फोटोची गोष्ट ऐकायला मिळते. पण अभिमानाच्या त्या गोष्टीत कधी कधी एक वाक्य हळूच येते. घरातली मुलगी किंवा मुलगा म्हणतो, "फादर, पप्पा आमचे कमी आणि पलटणीचेच जास्त होते."

या वाक्यात तक्रार आहे आणि प्रेमही आहे. आजच्या चिंतनाचा प्रश्न तोच आहे. ज्याने आपले आयुष्य कर्तव्याला दिले, तो घराला काय देतो? आणि तो निघून गेल्यावर त्याची आठवण कशी ठेवायची?

शुभवर्तमानातील सैनिक अधिकारी

पवित्र शास्त्रात सैनिक अधिकारी बरेच भेटतात आणि त्यांतील काहींविषयी फार चांगले बोलले गेले आहे. कफर्णहूमचा शताधिपती आपल्या आजारी चाकरासाठी प्रभू येशूकडे विनवणी करतो. आपण अधिकाराखालचा माणूस आहोत, हे तो जाणतो. वरून आलेला हुकूम पाळायचा आणि हाताखालच्यांची काळजी घ्यायची, एवढे त्याला ठाऊक आहे. त्याचा विश्वास पाहून प्रभूला आश्चर्य वाटते. असा विश्वास इस्राएलातही आढळला नाही, असे प्रभू सांगतो. लक्षात घ्या, हा माणूस परका होता, रोमी सत्तेच्या बाजूचा होता. तरीही त्याने काढलेले उद्गार आपण प्रत्येक मिस्सामध्ये ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापूर्वी म्हणतो. जगभरच्या चर्चमध्ये, पोपपासून पहिला कम्युनियन घेणाऱ्या मुलापर्यंत सर्वांच्या ओठांवर एका सैनिक अधिकाऱ्याची प्रार्थना असते.

दुसरा अधिकारी प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात आहे. त्याचे नाव कर्नेल्य. नाव ऐकून 'कर्नल'ची आठवण होते. या दोन शब्दांचा तसा संबंध नाही, पण लक्षात ठेवायला सोपे जाते. कर्नेल्य कैसरिया येथे राहणारा, इटालियन पलटणीचा शताधिपती. पेशाने सैनिक, स्वभावाने देवभीरू. तो गरिबांना सढळ हाताने दानधर्म करी आणि नित्य प्रार्थना करी. त्याच्याविषयी लिहिताना शास्त्र त्याने किती लढाया जिंकल्या हे सांगत नाही. तो आपल्या सर्व घराण्यासह देवाचे भय बाळगणारा होता, असे सांगते. आणि पेत्र येणार हे कळल्यावर कर्नेल्य काय करतो? तो एकटा वाट पाहत बसत नाही. नातेवाईक आणि जवळचे मित्र यांना बोलावून घर भरून टाकतो. जे चांगले आपल्याला मिळणार आहे, ते आपल्या माणसांनाही मिळाले पाहिजे, अशी त्याची तळमळ आहे. त्या दिवशी त्या घरावर पवित्र आत्मा उतरला. यहुदी नसलेल्यांसाठी ख्रिस्तसभेचे दार एका सैनिकाच्या घरात उघडले.

कर्नेल्याने अंगावरचा गणवेश उंबऱ्याबाहेर ठेवला नव्हता आणि घरातली माया पलटणीत जाताना विसरला नव्हता. त्याचे मन एकच होते.

शस्त्र आणि शांती

कोणी विचारील, शांतीचा राजा ज्याचा प्रभू आहे, त्या ख्रिस्तसभेने सैनिकाचे कौतुक कसे करावे? प्रश्न योग्य आहे. युद्ध हे कधीही आनंदाचे कारण नसते. पण बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे सैनिक आले, तेव्हा त्याने त्यांना नोकरी सोडायला सांगितले नाही. कोणाला लुबाडू नका, कोणावर खोटा आळ घेऊ नका आणि आपल्या पगारात समाधानी राहा, असे बजावले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही १९६५ साली हेच शिकवले, की देशसेवेसाठी सैन्यात असलेला माणूस आपले काम नीट करील, तर तो शांती राखण्यालाच हातभार लावतो.

याचा एक दाखला आपल्या कोल्हापूरचाच आहे. जनरल एस. पी. पी. थोरात यांचे नाव इथल्या जुन्या मंडळींना सांगायला नको. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी ब्रह्मदेशच्या आघाडीवर पराक्रम गाजवला. पण १९५३ साली कोरियातील युद्ध थांबल्यावर त्यांच्यावर निराळेच काम सोपवण्यात आले. मायदेशी परत जायला तयार नसलेल्या सुमारे २३,००० युद्धकैद्यांना सांभाळण्यासाठी भारताने फौज पाठवली आणि तिचे प्रमुख थोरात होते. एके दिवशी खवळलेल्या कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला आपल्या कोंडवाड्यात ओढून नेले. बाहेर बंदुका होत्या. गोळीबाराचा हुकूम देणे सोपे होते. थोरात काही मोजक्या सहकाऱ्यांसह, हातात शस्त्र न घेता आत गेले, कैद्यांशी बोलले आणि आपल्या माणसाला सोडवून आणले. या धैर्याबद्दल त्यांना अशोक चक्र वर्ग दोन हा सन्मान मिळाला. तोच सन्मान पुढे कीर्ती चक्र म्हणून ओळखला जाऊ लागला. शस्त्र जवळ असून ते न उगारणे यालाही मोठी छाती लागते.

पोगरवाडीचा मुलगा

आता कर्नल महाडिकांकडे वळू या. सातारा तालुक्यातील पोगरवाडी हे त्यांचे गाव. जन्म १९७७ सालचा. साताऱ्याच्या सैनिक शाळेत शिकून ते लष्करात अधिकारी झाले. २१ पॅरा या विशेष दलाच्या तुकडीत त्यांनी सेवा केली. ईशान्य भारतातील कामगिरीबद्दल त्यांना २००३ साली सेना पदक मिळाले. पुढे ते कुपवाड्यात ४१ राष्ट्रीय रायफल्स या पलटणीचे कमांडिंग ऑफिसर झाले.

कमांडिंग ऑफिसर म्हणजे शेकडो जवानांचा कर्ता माणूस. कोणाला रजा द्यायची, कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणाचे मन थाऱ्यावर नाही, हे सारे त्याला पाहावे लागते. महाडिकांनी एवढ्यावरच भागवले नाही. कुपवाड्यातील स्थानिक तरुणांनी हिंसेच्या वाटेला जाऊ नये, म्हणून लष्कराच्या सद्भावना उपक्रमांत त्यांनी मनापासून लक्ष घातले. जिथे लोक गणवेशाकडे संशयाने पाहतात, तिथे त्या गणवेशातून विश्वास मिळवायचा, हे सोपे काम नव्हे.

नोव्हेंबर २०१५ मध्ये त्या भागातील घनदाट जंगलात अतिरेक्यांचा शोध कित्येक दिवस चालला होता. कर्नल हुद्द्याच्या माणसाने मागे राहून सूचना दिल्या असत्या, तरी कोणी नाव ठेवले नसते. ते पुढे राहिले. १७ तारखेला त्यांना गोळ्या लागल्या आणि इस्पितळात त्यांनी प्राण सोडला. वय अवघे ३८. मरणोत्तर त्यांना शौर्य चक्र देण्यात आले. पोगरवाडीला अंत्यसंस्कार झाले, तेव्हा साऱ्या पंचक्रोशीचे डोळे पाणावले होते. मागे पत्नी स्वाती आणि दोन लहान मुले राहिली.

पत्नीने काय केले

अशा वेळी लोक येतात, हात जोडतात, भाषणे होतात, चौकात फलक लागतो. मग दिवस जातात. फलक उन्हाने फिका पडतो आणि घरात दोन मुलांना घेऊन एक बाई उरते. हे आपण अनेक घरांत पाहिले आहे.

स्वातीताईंनी मात्र त्या दुःखाच्या दिवसांतच सांगितले, की मी सैन्यात जाणार. ऐकणाऱ्यांना वाटले असेल, दुःखाच्या भरात बोलत आहेत. पण त्या मागे हटल्या नाहीत. अधिकारी होण्यासाठी लागणारी वयोमर्यादा त्यांनी ओलांडली होती. संरक्षण खात्याने वयाच्या अटीत त्यांना सवलत दिली. पुढचे सारे मात्र त्यांचे त्यांनाच करायचे होते. निवडीच्या चाचण्या त्या उत्तीर्ण झाल्या. मुलांना वसतिगृहाच्या शाळेत ठेवले आणि चेन्नईच्या प्रशिक्षण अकादमीत, वयाने कितीतरी लहान मुलींच्या बरोबरीने, धावण्यापासून शस्त्र चालवण्यापर्यंत सगळे त्या शिकल्या. ९ सप्टेंबर २०१७ रोजी त्या लेफ्टनंट झाल्या.

हे का केले, असे लोकांनी त्यांना विचारले. त्यांच्या उत्तराचा आशय असा होता: माझ्या पतीचे पहिले प्रेम त्यांचा गणवेश आणि त्यांची पलटण हे होते, म्हणून तो गणवेश एक दिवस मला घालावाच लागणार होता.

बंधुभगिनींनो, हे उत्तर नीट ऐका. सुरुवातीला ऐकलेल्या त्या वाक्यात आणि या उत्तरात एकच गोष्ट सांगितली आहे. 'पप्पा पलटणीचे जास्त होते' असे मूल म्हणते, आणि 'त्यांचे पहिले प्रेम गणवेश होते' असे पत्नी म्हणते. पण पत्नी त्या प्रेमाचा हेवा करीत नाही. जिथे त्यांचे मन होते, तिथे ती स्वतः चालत गेली. पतीच्या प्रेमाने तिला कमी पडले असते, तर ती त्या गणवेशाकडे रागाने पाहत राहिली असती. तिला भरपूर मिळाले होते, म्हणूनच तो गणवेश तिला आपला वाटला.

कर्नेल्याच्या घराचे रहस्य हेच आहे. माणूस जेव्हा आपल्याहून मोठ्या गोष्टीवर खरे प्रेम करतो, तेव्हा त्याच्या घराच्या वाट्याचे प्रेम आटत नाही. उलट घराला त्या मोठ्या प्रेमात वाटा मिळतो. विहिरीला खालून झरा असला, की शेजाऱ्याने चार घागरी नेल्या तरी पाणी संपत नाही. झरा नसेल तर मात्र झाकण लावून ठेवले तरी विहीर कोरडीच. ख्रिस्ती माणसासाठी तो झरा म्हणजे परमेश्वर. म्हणूनच प्रभू येशू सांगतो, की सर्वांत आधी माझ्यावर प्रीती करा. आपल्याला ते कठोर वाटते. पण देवाला पहिली जागा दिलेला बाप मुलांचा कमी होत नाही, तो अधिक चांगला बाप होतो.

आपल्या घरात

हा विचार फक्त फौजी घरांसाठी नाही. आपल्यापैकी कोणी गोकुळ शिरगावला किंवा शिरोलीला रात्रपाळी करतो. कोणी मुंबईला, कोणी आखातात नोकरी करतो. कोणी भगिनी दवाखान्यात परिचारिका आहे आणि नाताळच्या रात्रीही तिची ड्युटी असते. त्यांची मुले घरी वाट पाहतात. त्या मुलांना हे सांगितले पाहिजे, की आईवडील दूर आहेत ते तुमच्यावर प्रेम नाही म्हणून नव्हे. आणि आईवडिलांनीही स्वतःला विचारले पाहिजे, की मी घरी असतो तेव्हा खरोखर घरी असतो का? सीमेवरचा जवान वर्षाकाठी दोन महिने घरी येतो आणि त्या दोन महिन्यांत मुलांना वर्षभर पुरेल एवढी आठवण देऊन जातो. आपण रोज संध्याकाळी घरी असतो, पण डोळे मोबाईलवर किंवा टीव्हीवर असतात. कर्तव्यामुळे दूर असलेला बाप मुलांना कधी तरी समजतो. शेजारी बसून दूर असलेला बाप समजायला फार कठीण जातो.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. स्वातीताईंचे उदाहरण मोठे आहे, पण ते कोणाही विधवेच्या डोक्यावर ओझे म्हणून ठेवायचे नाही. 'बघा त्या कशा धीराच्या, तुम्ही अजून रडता' असे कोणी कोणाला म्हणू नये. लाजराच्या कबरेपाशी स्वतः प्रभू येशू रडला. थोड्याच वेळात आपण त्याला उठवणार, हे ठाऊक असूनही रडला. रडणे म्हणजे अविश्वास नव्हे. कोणी गणवेश चढवील, तर कोणी शिलाई मशीनवर बसून दोन मुलांना शिकवील. कोणाला सहा महिने घराबाहेर पडावेसे वाटणार नाही. देवापुढे या सर्वांची किंमत आहे. आपले काम एवढेच, की पहिल्या महिन्यात जेवढ्या वेळा आपण त्या घरी गेलो, तेवढ्याच वेळा सहाव्या महिन्यातही जावे.

सैनिकांपासून शिकलेली प्रार्थना

मृतांसाठी प्रार्थना आणि मिस्सा का करायचे, असे कधी कधी आपल्याला विचारले जाते. पवित्र शास्त्रात याचा सर्वांत स्पष्ट दाखला रणांगणावरचा आहे. मक्काबीच्या दुसऱ्या ग्रंथातील बाराव्या अध्यायात सेनापती यहूदा मक्काबीची हकिगत आहे. लढाई संपल्यावर तो आपल्या मृत सैनिकांना पुरण्यासाठी परत गेला. तेव्हा कळले, की मेलेल्यांच्या अंगरख्यांत मूर्तींचे ताईत दडवलेले होते. ते चुकले होते. यहूदाने त्यांना वाऱ्यावर सोडले नाही. त्याने सर्वांकडून वर्गणी गोळा केली, चांदीची दोन हजार नाणी जमवली आणि त्यांच्या पापांसाठी यज्ञ अर्पण व्हावा म्हणून यरुशलेमला पाठवून दिली. मृत पुन्हा उठतील, अशी त्याची आशा नसती, तर हे सारे व्यर्थ ठरले असते, असे ग्रंथकार म्हणतो.

म्हणजे आपली माणसे चांगली होती एवढे म्हणून थांबायचे नाही. ती माणसे होती, त्यांच्याही चुका झाल्या असतील. सैनिक असो की शिक्षक, बाप असो की मुलगा, कोणीही परिपूर्ण म्हणून मरत नाही. आपण त्यांचे फोटो हाराने सजवतो, पण त्यांना खरी गरज आपल्या प्रार्थनेची आहे. सेनापती आपल्या मेलेल्या शिपायांना विसरला नाही, तर आपण आपल्या वडिलांना कसे विसरावे?

आणि मिस्सामध्ये आपण केवळ ख्रिस्ती मृतांसाठी प्रार्थना करीत नाही. देवाशी सख्य राखून या जगातून गेलेल्या सर्वांना आपण त्याच्या हाती सोपवतो. कर्नल महाडिकांसाठी आणि सीमेवर प्राण दिलेल्या प्रत्येक धर्माच्या जवानासाठी त्या प्रार्थनेत जागा आहे. परक्या शताधिपतीचा विश्वास ओळखणाऱ्या प्रभूला ही माणसे परकी नाहीत.

या आठवड्यात

तीन लहान गोष्टी कराव्यात, अशी विनंती आहे.

१. एका संध्याकाळी सर्व कुटुंबाने एकत्र बसून घरातील मृतांची नावे मोठ्याने घ्यावीत. प्रत्येकाने त्यांची एक आठवण मुलांना सांगावी आणि जपमाळेची एक दशक म्हणावी.

२. गेल्या वर्षभरात ज्या घरी मृत्यू झाला आहे, अशा एका घरी भेट द्यावी. उपदेश करू नये, नुसते बसावे.

३. आपल्या दिवंगत माणसाला जे काम प्रिय होते, त्यातले एखादे लहानसे काम आपण उचलावे. वडील चर्चच्या गायनवृंदात गात असत, आई शेजारच्या आजारी म्हातारीला डबा देत असे, आजोबा मुलांचा अभ्यास घेत असत. तो गणवेश आता कोण घालणार?

प्रार्थना

हे दयाळू पित्या, कर्नेल्याचे घर तू तुझ्या आत्म्याने भरलेस. आमच्या घरांवरही तुझा आत्मा पाठव. आमच्या रक्षणासाठी ज्यांनी आपले प्राण वेचले, त्यांना तुझ्या चिरंतन प्रकाशात विसावा दे. त्यांच्या मागे राहिलेल्या पत्नींना, आईवडिलांना आणि लेकरांना धीर दे. जे दूर राहून आमच्यासाठी राबतात, त्यांना सुखरूप घरी आण. आणि जे घरी आहेत, त्यांना एकमेकांसाठी खरोखर घरी राहायला शिकव. जिथे सैनिकाची गरज उरणार नाही, असा तुझ्या शांतीचा दिवस लवकर येवो. ही प्रार्थना आम्ही प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने करतो. आमेन.